विजयकरांचा आकडा

विजयकर समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊ देत नसत. तुम्ही "सर, मला उद्या जरा..." एवढं म्हणालात की ते "सुट्टी ना? घे," म्हणून मोकळे. "चहा..." म्हटलं की "नको? बरं," म्हणत स्वतःचा कप उचलायचे. नवीन असताना मी कितीदा चहावाचून राहिले, आणि एकदा तर नको असलेली सुट्टी घेऊन घरी बसले. शेवटी वैतागून म्हटलं, "सर, मलाही तोंड आहे." तर म्हणाले, "आहे ना, चांगलं मोठं आहे. पण मला पुढचं आधीच कळतं त्याला मी काय करू?" आणि बहुतेक वेळा कळायचंही हो. त्याचाच जास्त राग यायचा.

आमचा गाळा लालबागला, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत. खाली मिरच्या कुटायचा डंका. वर आम्ही चारपाच माणसं शिंकत शिंकत सोल्डरिंग करायचो. नर्सिंग होमला पेशंटसाठी बेलची यंत्रणा लागते, ती आम्ही बनवायचो. मी जोडणी आणि तपासणी बघायची, विजयकर आतला प्रोग्रॅम लिहायचे, आणि आमचे मालक बापट गोड बोलून ते सगळं विकायचे. अंधेरी-ठाण्याच्या चकचकीत कंपन्यांत विजयकरांना सहज जागा मिळाली असती. पण ठाकूरद्वारच्या वाडीतून निघायचं आणि लालबागपर्यंतच यायचं, त्यापुढे मुंबई आहे हे त्यांना मान्यच नव्हतं.

जातीनं पाठारे प्रभू. "आम्ही इथले मूळचे," हे ते महिन्यातून एकदा तरी ऐकवणार. "तुम्ही सगळे नंतर बोटीनं आलात." माझे आजोबा मालवणहून गिरणीत आलेले. मी म्हणायची, "तुम्ही मूळचे नुसते बसून राहिलात, म्हणून आम्हाला यावं लागलं." असं काही चोख ऐकवलं की खूश व्हायचे. शुक्रवारी डब्यात कोलंबीचं भानोलं असलं की त्याचा कडेचा खरपूस तुकडा माझ्या झाकणात पडायचा. तोही विचारून नाही, "हवाय" असं स्वतःच म्हणून.

आता त्यांचं काम सांगते, त्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. आमच्यात ड्रायव्हर म्हणजे गाडीवाला नव्हे. सिस्टरच्या काउंटरवर एक पेटी असते. तिच्यातून निघालेली एकच तार सगळ्या खाटांपर्यंत जाते. पेटीतला प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, एकेका खाटेला पाळीपाळीनं विचारतो, "काही हवंय?" खाटेजवळचं छोटं यंत्र उत्तर देतं, "हो" किंवा "नको". "हो" आलं की काउंटरवर त्या खाटेचा लाल दिवा लागतो. तार एकच, त्यामुळे एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी गप्प बसायचं. सगळी गोम एवढ्यातच आहे, की विचारल्यावर थांबायचं किती. फार थांबलं तर शेवटच्या खाटेची पाळी यायला वेळ लागतो. कमी थांबलं तर जुनं, सावकाश बोलणारं यंत्र तोंड उघडेपर्यंत ड्रायव्हर पुढच्या खाटेकडे गेलेला असतो. आणि उत्तर आलंच नाही तर? तर मागच्या वेळी ती खाट काय म्हणाली होती तेच धरून चालायचं. मघाशी "नको" म्हणाली होती ना, मग आताही नकोच.

हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, हा ड्रायव्हर तर डिट्टो विजयकर.

किती थांबायचं त्याला आम्ही "आकडा" म्हणायचो. लालबागमध्ये आकडा म्हटलं की लोकांना मटका आठवतो. आमचा चहावाला कित्येक दिवस समजत होता की विजयकर धंद्यातला माणूस आहे, आणि त्यांना हळूच "आज काय येणार?" म्हणून विचारायचा. या आकड्यावरून विजयकर आणि बापट यांची कायमची जुंपलेली असायची.

"डॉक्टरांनी बटण दाबलं आणि दिवा लागेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिले," बापट म्हणायचे. "लाज वाटली हो मला!"

"वाटू द्या की. तारेला घाई नाहीये, तुम्हालाच आहे."

"समोरच्या कंपनीचा दिवा लगेच लागतो."

"समोरच्या कंपनीची यंत्रं नवी आहेत. आपण जुनीही चालवून देतो. ती म्हातारी आहेत, बापट. म्हाताऱ्या माणसाला उत्तर द्यायला वेळ लागतो!"

हे वाक्य कोण म्हणतंय, तर समोरच्याला "चहा" हा शब्दसुद्धा धड बोलू न देणारा माणूस. मी टेबलाखाली तोंड घालून हसायची.

आणि मग एका सकाळी विजयकर बटाटेवड्यांचा पुडा घेऊन आले. स्वारी भलतीच खुशीत होती. "मिटलं भांडण," म्हणाले. "आकडा ड्रायव्हरमधून काढला आणि पेटीच्या मेनूत टाकला. ज्याला जेवढं थांबायचंय तेवढं त्यानं थांबावं. आता मलाही विचारू नका आणि बापटांनाही."

मी वडा हातात घेऊन म्हटलं, "पण सर, कुणी जर..."

"...वाट्टेल तेवढा कमी लावला तर? नाही लावत गं. मॅन्युअलमध्ये लिहिलंय. लोक काय वेडे आहेत?"

माझं वाक्य त्यांनी अगदी बरोबर पुरं केलं होतं. बापटांनी त्यांना मिठी मारली. वडे गरम होते, आम्ही सगळ्यांनी खाल्ले.

गिरगावातल्या एका नर्सिंग होममध्ये आमची यंत्रणा होती. तिथे नऊ नंबरच्या खाटेचं यंत्र सगळ्यात जुनं. दिवा उशिरा लागतो अशी कुरकुर झाली म्हणून तिथल्या वायरमननं मेनू उघडला आणि आकडा पार तळाला नेऊन ठेवला. दोन-तीन नव्या खाटांवर बटण दाबून बघितलं, दिवा टकाटक लागला, सगळे खूश. नऊ नंबर त्यानं तपासली नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारी जेवणाच्या वेळेला तिथल्या राणे आजींना बाथरूमला जायचं होतं. त्यांनी बेल दाबली, पुन्हा दाबली, कुणी येईना म्हणून स्वतःच उठल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

तक्रार आली तेव्हा विजयकर आणि मी गेलो. आजींना तोवर ऑपरेशनला दुसरीकडे हलवलं होतं, खाट रिकामी होती. ते खाटेपाशी बटण घेऊन उभे राहिले, मी काउंटरवर.

"लागला?" त्यांनी वॉर्डातून ओरडून विचारलं.

"नाही."

"आता?"

"नाही, सर."

"आता?"

"नाही."

 मी आत जाऊन बघितलं तर ते त्या रिकाम्या खाटेवर बसले होते. अंगठा बटणावर तसाच दाबलेला. "एकदाही नाही?" म्हणाले. मी मान हलवली.

गाळ्यावर आल्यावर बापटांनी सगळं ऐकलं आणि सुस्कारा सोडला. "आकडा त्यांच्या माणसानं बदलला. आपण सुटलो." खरं सांगायचं तर माझ्यासकट सगळ्यांनाच हायसं वाटलं. विजयकरांना मात्र नाही. "तळापर्यंत नेता येईल असा मेनू कुणी केला?" म्हणाले. "माझ्या डोक्याला ताप नको म्हणून मी तो आकडा लोकांच्या गळ्यात घातला, बापट. वर वडे वाटले."

त्याच आठवड्यात त्यांनी ड्रायव्हर बदलला. आकडा एका मर्यादेखाली जाईना असा केला. आणि खाटेकडून उत्तर आलं नाही तर "नको" धरायचं नाही. पिवळा दिवा लागेल, म्हणजे उठा आणि जाऊन बघा. सगळ्या गिऱ्हाइकांकडे जाऊन आम्ही ते बसवून आलो. पिवळ्या दिव्यावर लोकांनी पुष्कळ कटकट केली, पण विजयकरांनी कुणाचं ऐकलं नाही.

आणि माणूसच बदलला. समोरचा बोलत असताना मधे तोंड घालणं एकदम बंद. "चहा?" म्हणून विचारायचे आणि तुमच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. तुम्ही कामात असलात, ऐकलं नसलं, तरी उभेच. चहा गार व्हायचा. एकदा मी फोनवर बोलत होते. फोन संपेपर्यंत भानोल्याचा तुकडा चमच्यात धरून समोर उभे. मी म्हटलं, "सर, ठेवा ना झाकणात, नेहमीसारखा." तर म्हणाले, "तू हवाय असं कुठे म्हणालीस?" मला हसूही येईना. पूर्वीचे विजयकर छळवादी होते, पण ते बरे होते असं वाटायला लागलं.

तरी इथवर सगळं सोसण्यासारखं होतं. आजी हळूहळू बऱ्या झाल्या, वॉकर घेऊन घरात फिरायला लागल्या असं कळलं. विजयकर त्यांना भेटून आले, त्यांच्या मुलापुढे हात जोडून आले. मुलगा भला होता. "तुमचं काय त्यात," म्हणाला. विजयकर जरा सावरले.

मग एकदा आम्ही त्याच नर्सिंग होममध्ये नऊ नंबरचं जुनं यंत्र बदलायला गेलो. ते काढून विजयकर पिशवीत टाकत होते, तेव्हा तो वायरमन सहज बोलला, "त्या सिस्टरला काढली ना. संगीता सिस्टर. पेशंट बेल दाबतोय आणि ही बाई डबा खात बसली. दिवा बघून उठलीच नाय."

विजयकरांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. "पण दिवा लागलाच नव्हता," म्हणाले.

"ते मला काय माहीत, सर. आजी बोलल्या बेल दाबली. मग दिवा लागलाच असणार ना."

आमच्या भेटीचा आणि तपासणीचा कागद बापटांच्याच टेबलात राहिला होता. यंत्रणा सुधारून दिली एवढंच त्यांनी कळवलं होतं; दिवा लागत नव्हता हे वॉर्डात काय, डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. आम्ही बापटांकडे आलो. विजयकरांनी दारातूनच सांगितलं, "आजच्या आज डॉक्टरांना फोन करा. त्या पोरीची काही चूक नाही."

बापट दुष्ट नव्हते. म्हणाले, "करतो हो. पण देखभालीच्या कराराची बोलणी चाललीत, तेवढी उरकू दे. मी स्वतः डॉक्टरांच्या कानावर घालतो. तुम्ही मधे पडू नका, विजयकर. जरा थांबा."

आणि विजयकर थांबले. हेच मला आजवर समजलेलं नाही. एकेकाळी मंडईत कोळणीशी भाव करताना तिचं वाक्य तोडणारा, पिक्चर संपायच्या आधी उठणारा माणूस इथे थांबला. अधूनमधून बापटांना विचारायचे, "सांगितलंत?" बापट म्हणायचे, "सांगतो हो." मग पुन्हा महिना-दोन महिने. करार झाला. डॉक्टर परदेशी गेले, परत आले. गणपती आले, गेले. जवळजवळ वर्ष गेलं.

त्या वर्षात त्यांनी डब्यातून भानोलं आणणं बंद केलं. मी विचारलं तर म्हणाले, "घरी करतात. माझ्याच घशाखाली उतरत नाही." एकदा जेवताना अचानक म्हणाले, "मेघना, बापट सांगतील असं मला वाटत होतं असं मी म्हणतो ना, ते खोटं आहे. ते सांगणार नाहीत हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला सगळ्यांचं पुढचं कळतं." मग पोळीचा घास मोडून तसाच डब्यात ठेवला. "आयुष्यात एकदाच गप्प बसलो, आणि ते नेमकं इथे. पाप आहे हे. सरळ पाप." मी काहीतरी समजुतीचं बोलले. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि डबा बंद केला.

त्यानंतर काहीच दिवसांनी ते एकटे नर्सिंग होममध्ये गेले आणि भर ओपीडीत, बाकावरच्या पेशंटांसमोर, डॉक्टरांना सगळं सांगून आले. बापट लालबुंद झाले, पण त्यांना ओरडायला विजयकर जागेवर नव्हतेच. राजीनामा मेलवर आलेला होता. डॉक्टर म्हणे, "बरं झालं सांगितलंत, पण आता ती बाई कुठे असेल कोण जाणे." तिथल्या आयाबाईंना माहीत होतं. संगीता सिस्टर परळला, आईच्या खोलीत.

"तू येशील का?" त्यांनी मला फोनवर विचारलं, आणि मी "हो" म्हणेपर्यंत फोनवर शांतता. रविवारी आम्ही गेलो. ती त्यांची-माझी शेवटची भेट ठरली. पुढे ते मुलाकडे बेळगावला गेले, फोनवर बोलणं व्हायचं, आणि यंदाच्या उन्हाळ्यात तिकडेच वारले. म्हणून मला विजयकर आठवतात ते त्या परळच्या खोलीतले.

चाळीतली खोली, स्वच्छ. जमिनीवर साड्यांचा ढीग. संगीता साडीला फॉल लावत बसली होती. तिशीची असेल. आमच्याकडे बघून घाबरली, मग पाणी आणलं, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. विजयकर खुर्चीवर बसलेच नाहीत, साड्या सरकवून खाली बसले.

"सिस्टर," ते म्हणाले.

"आता सिस्टर कुठली, सर. सोडलं ते. दुसरीकडे बोलावलं होतं, पण मीच नाही म्हटलं. परत कुणाच्या जिवाशी खेळ नको."

विजयकरांनी सगळं सांगितलं. आकडा म्हणजे काय, तो कुणी मेनूत टाकला, कुणी कमी केला, नऊ नंबरचं यंत्र कसं सावकाश उत्तर द्यायचं. आणि मग, काही न लपवता, वर्षभर ते कसे गप्प बसले. तिनं मधे सुई थांबवली नाही. सगळं संपल्यावर म्हणाली, "राहू दे हो. तुम्ही मोठे आहात, एवढं चालून आलात. पण दिवा लागला होता."

"नव्हता लागला, बाळा."

"लागला होता ना. मला आठवतोय." अगदी शांतपणे सांगत होती. "मी डबा उघडला होता. भेंडीची भाजी होती. नऊ नंबर लाल झाला. मी बघितला आणि म्हटलं, एवढा घास खाते आणि उठते. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आधी मी नाहीच म्हणत होते. मग घरी येऊन विचार केला, रोज केला, आणि मला आठवलं."

  विजयकरांनी पिशवीतून काउंटरची एक पेटी काढली, जुन्याच ड्रायव्हरची, तारेचं भेंडोळं काढलं, आणि नऊ नंबरचं ते जुनं यंत्र. साड्यांच्या मधे ते सगळं जोडलं. मेनू उघडून आकडा तळाला नेला, तिला दाखवला. मग बटण तिच्या हातात दिलं. "दाबा."

तिनं दाबलं. पेटीवर काही झालं नाही.

"परत दाबा. हवं तितक्या वेळा."

ती दाबत राहिली. अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत. तिची आई पोळ्या टाकून दारात येऊन उभी राहिली. मग विजयकरांनी आकडा वर नेला आणि लाल दिवा लागला. तिनं अंगठा काढला, दिवा विझला, आणि त्यांनी आकडा परत तळाला नेला. ती दाबत राहिली, दिवा लागला नाही. मग ती नऊ नंबरच्या न लागलेल्या दिव्याच्या काचेकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडेल, आता शिव्या घालेल. मीच तिच्या जागी असते तर काय काय बोलले असते.

"सर," ती म्हणाली, "मग मला रोज दिसतो तो दिवा कुठला?"

विजयकरांनी तिच्या हातातून बटण काढून घेतलं आणि खाली ठेवलं. 

"तो मी लावला, बाळा," ते म्हणाले. "वर्षभर गप्प बसून."

तिनं मांडीवरची साडी तोंडाशी धरली आणि मोठ्यानं रडायला लागली. आई धावत येऊन तिच्याजवळ बसली. विजयकर समोर मान खाली घालून बसून राहिले. ना त्यांनी तार गुंडाळली, ना डोळे पुसले.